हृदयाच्या लयीची औषधं देताना बेडजवळ काय बघायचं

जनरल वॉर्डात चार वर्षं काढलेल्या एका स्टाफ नर्सची आयसीसीयूत (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) बदली झाली आहे. ती विचारते : "ताई, अमिओडॅरोन, अडेनोसिन, डिगॉक्सिन यांचे वर्ग मला पाठ आहेत. पण ऑर्डर आली आणि सिरिंज हातात घेतली की भीती वाटते. देण्याआधी नेमकं काय बघायचं, देताना काय करायचं आणि नंतर किती वेळ लक्ष ठेवायचं? आणि रात्री डॉक्टरांना कधी उठवायचं?"

वयानं माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून एकेरीतच लिहिते. हृदयरोग विभागात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. तुला भीती वाटते हे ऐकून मला बरंच वाटलं. या औषधांची अजिबात भीती न वाटणारी नर्स माझ्या वॉर्डात असली, तर तिच्या बेडकडे मी दोनदा चक्कर मारते.

वर्गांचा तक्ता परीक्षेपुरता ठीक. बेडजवळ उभी राहशील तेव्हा एकच गोष्ट धरून ठेव : लय सुधारणारं प्रत्येक औषध लय बिघडवूही शकतं. हे नुसतं सावध राहा म्हणून सांगायचं वाक्य नाही. १९८९ साली कास्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष आले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना मधूनमधून जादा ठोके पडतात, ते एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइडनं दाबून टाकले तर माणसं वाचतील असा अंदाज होता. ठोके कमी झालेही. पण ही औषधं घेणाऱ्यांत, नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले. कागदावरची रेघ सुधारली आणि माणसं गेली. तेव्हापासून या औषधांकडे सगळं जग वेगळ्या नजरेनं बघतं. आपणही मॉनिटरवरच्या रेघेइतकंच रुग्णाच्या चेहऱ्याकडे, हाताच्या गारव्याकडे आणि लघवीच्या पिशवीकडे बघायचं.

औषध भरण्याआधीची तीन-चार मिनिटं नर्सची असतात, ती कुणाला देऊ नकोस. आत्ताचा बीपी आणि पल्स घे. मागच्या तासाचा, टीपीआर शीटवर (ताप-नाडी-श्वासाच्या नोंदींच्या कागदावर) लिहिलेला चालणार नाही. इसीजीची एक स्ट्रिप काढ, तिच्यावर तारीख आणि वेळ लिही. "औषधाआधी कसं होतं?" असं डॉक्टर नंतर विचारतील, तेव्हा तो कागदाचा तुकडा तुझ्या शब्दापेक्षा मोलाचा ठरतो. मग सकाळचा रिपोर्ट उघड आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते दाखवणारं क्रिएटिनिन बघ. लयीच्या रुग्णात पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम २ च्या आसपास असावं असं साधारण धरतात. पोटॅशियम ३ असताना दिलेलं डिगॉक्सिन आणि ४.५ असताना दिलेलं डिगॉक्सिन ही जवळजवळ दोन वेगळी औषधं आहेत. रिपोर्ट कमी असेल तर डोस देण्याआधी तोंडानं सांग. नुसतं फाइलला लावून ठेवू नकोस.

आता पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलीच्या पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते सिरिंजनं थेट शिरेत कधीही जात नाही. कुणी सांगितलं तरी नाही, कितीही घाई असली तरी नाही. हाताच्या शिरेतून तासाला १० च्या वर जायचं नाही. बाटलीत टाकल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. तसं केलं नाही तर ते तळाशी बसतं आणि लटकवलेल्या बाटलीतून पहिल्या काही मिनिटांत नुसतं पोटॅशियमच उतरतं. माझ्या वॉर्डात या अँप्युल वेगळ्या डब्यात, लाल लेबल लावून ठेवलेल्या असतात. डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये त्या दिसल्या तर मी आधी ट्रे रिकामा करते आणि मग बोलते.

आता अमिओडॅरोन. आयसीसीयूत तुझा सगळ्यात जास्त संबंध याच्याशी येणार आहे.

अँप्युल ३ मिलीची, तीत १५० मिलिग्रॅम. हे फक्त डी-फाइव्हमध्ये, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच घालायचं. एनएसमध्ये, म्हणजे साध्या सलाइनमध्ये नाही. हेपॅरिन, सोडाबायकार्ब किंवा अमिनोफायलिन याच लाइनमधून सोडायचं नाही, साका धरतो. म्हणून अमिओडॅरोनची लाइन वेगळी ठेव, थ्री-वेवर (नळीच्या तीन तोंडांच्या जोडावर) लेबल लाव, आणि अँटिबायोटिक द्यायला आलेल्या दुसऱ्या सिस्टरला ते लेबल दिसेल अशा बाजूला लाव.

नेहमीची पद्धत अशी : १५० मिलिग्रॅम १०० मिली डी-फाइव्हमध्ये, १० मिनिटांत. मग पहिले ६ तास मिनिटाला १ मिलिग्रॅम आणि पुढचे १८ तास मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम. सहा अँप्युल, म्हणजे ९०० मिलिग्रॅम, ५०० मिली डी-फाइव्हमध्ये घातले तर मिलीमागे १.८ मिलिग्रॅम पडतं. तेव्हा १ मिलिग्रॅमचा दर म्हणजे पंपावर तासाला ३३ मिली आणि अर्ध्याचा १७ च्या जवळ. तुमच्या युनिटची पद्धत वेगळी असेल तर तीच पाळ, पण हिशेब स्वतः करून दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घे. बऱ्याच ठिकाणी ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ३०० मिलिग्रॅम भरतात. ते मिलीमागे ६ मिलिग्रॅम होतं आणि सेंट्रल लाइनशिवाय चालवायचं नसतं. हाताच्या शिरेतून तासापेक्षा जास्त वेळ द्यायचं असेल तर मिलीमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

पंप नाही म्हणून ड्रॉप मोजून सोडू का, असा प्रश्न लहान हॉस्पिटलांतून नेहमी येतो. शक्यतो नको. या द्रावणाचा थेंब नेहमीपेक्षा लहान पडतो, म्हणून थेंब मोजून दिलं तर डोस ३० टक्क्यांपर्यंत कमी जाऊ शकतो. आपण शीटवर पूर्ण डोस लिहितो, रुग्णाला तो मिळालेलाच नसतो, आणि सकाळी राउंडला "अमिओडॅरोनला दाद देत नाही" असं ठरतं.

बीपी पडणं हा याचा पहिला धोका, आणि तो बहुतेक वेळा लोडिंग डोस घाईनं गेल्यामुळे होतो. त्या दहा मिनिटांत बेड सोडू नकोस. बीपी दर पाच मिनिटांनी, मग पहिला तास दर पंधरा मिनिटांनी. पल्स ५० च्या खाली येऊ लागला, इसीजीवर पीआर (ठोका वरच्या कप्प्यांतून खाली पोचायला लागणारा वेळ) लांबला, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची उंच खूण) रुंद व्हायला लागला तर कळव. कार्डिअॅक अरेस्टमध्ये, शॉक देऊनही व्हीएफ (खालचे कप्पे नुसते थरथरणं) किंवा पल्स नसलेली व्हीटी (खालच्या कप्प्यांतून येणारे अतिजलद ठोके) जात नसेल तेव्हा, ३०० मिलिग्रॅम एकदम देतात आणि लागल्यास पुढे १५०. अरेस्टमध्ये ते झपकन देताना तू पाहिलं असशील. ती घाई नाडी नसलेल्या माणसासाठी आहे. बोलणाऱ्या माणसाला तसं द्यायचं नाही.

आणि शीर बघ. दर तासाला, पट्टी उचलून, बोटानं. अमिओडॅरोननं शीर फार लवकर सुजते : आधी दुखते, मग लाल होते, मग दोरीसारखी कडक लागते. मनगटाच्या किंवा हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत हे लावू नकोस, कोपरापाशी चांगलं व्हेनफ्लॉन (शिरेत घालायची नळी) टाक. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका शिंपीकाकांच्या उजव्या हाताच्या पाठीवर रात्रभर हे चालू राहिलं. ते झोपेत होते, मी पंपावरचा आकडा बघून पुढे जात होते. सकाळी मनगटापासून वरपर्यंत लाल पट्टा उठला होता. लय आली, पण पुढे कित्येक आठवडे त्यांना कात्री धरता येईना. तेव्हापासून पट्टीखाली बघितल्याशिवाय मी तासाची सही करत नाही.

अडेनोसिन हे एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणारी जलद धडधड, तोडायचं औषध. त्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. तिथं सावकाश देणं हीच चूक. हे औषध रक्तात दहा सेकंदांच्या आत निम्म्यावर येतं. कोपराच्या शिरेत जाडसं व्हेनफ्लॉन, शक्यतो उजव्या हाताला. ६ मिलिग्रॅम एक-दोन सेकंदांत आणि त्याच्या पाठोपाठ २० मिली एनएस, तेही तितक्याच झटक्यात, हात वर उचलून. थ्री-वेला दोन सिरिंज लाव. एकीनं औषध ढकलायचं, दुसरीनं लगेच फ्लश. एकटीनं करू नकोस. लय आली नाही तर एक-दोन मिनिटांनी १२ मिलिग्रॅम देतात. सेंट्रल लाइन असेल किंवा रुग्ण डायपिरिडॅमोल वा कार्बामाझेपिनवर असेल तर पहिला डोस निम्मा करतात, म्हणून घरची औषधं आधी विचार. दमा आहे का, हेही विचार. दम्याचं डेरिफायलिन चालू असेल तर सांग, कारण त्यातलं थिओफायलिन अडेनोसिनचा परिणाम खाऊन टाकतं. अँप्युल फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खडे धरतात.

ढकलण्याआधी इसीजीची सलग पट्टी चालू कर आणि संपेपर्यंत बंद करू नकोस. डीफिब्रिलेटर शेजारी, चालू स्थितीत. आणि रुग्णाशी बोल. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. "दादा, आता दहा-पंधरा सेकंद फार विचित्र वाटेल. छातीवर कुणी बसल्यासारखं होईल, चेहरा गरम होईल, आता आपलं काही खरं नाही असंही वाटेल. मी इथंच आहे, हात धरून. ते जाणार आहे." हे न सांगता औषध दिलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांची लय येते, पण पुढच्या वेळी धडधड सुरू झाली तरी ते हॉस्पिटलात यायला तयार नसतात. तुलाही आधीच सांगून ठेवते : मॉनिटरवर काही सेकंद सरळ रेघ येईल. ते सेकंद फार लांब वाटतात. औषध काम करतंय म्हणूनच ती रेघ आहे. लय परत नाही आली तरी पट्टी फेकू नकोस, कारण ठोके मंदावल्यावर खाली फ्लटरच्या (वरच्या कप्प्यांच्या जलद, नियमित लयीच्या) करवतीसारख्या लाटा दिसतात आणि निदान तिथंच होतं.

अडेनोसिनच्या आधी एक बिनखर्चाचा उपाय करून बघता येतो आणि तो बहुधा आपल्याच हातून होतो. एसव्हीटीच्या स्थिर रुग्णाला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद फुंकायला लावायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं, आणि लगेच पाठीवर सपाट झोपवून दोन्ही पाय ४५ अंशांत पंधरा सेकंद वर धरायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या रिव्हर्ट अभ्यासात असं केल्यावर ४३ टक्के रुग्णांची लय परत आली. नुसतं फुंकून १७ टक्क्यांचीच आली होती. मावशींना पाय धरायला उभं करायचं आणि मग सुरुवात करायची, कारण वेळेवर पाय उचलले गेले तरच उपयोग.

एक लाल दिवा मात्र डोक्यात कायम ठेव. ठोके अतिशय जलद, क्यूआरएस रुंद आणि अंतर अनियमित, असं दिसलं तर अडेनोसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांतलं काही भरण्याआधी डॉक्टरांना स्ट्रिप दाखव. जन्मजात जादा वाट असलेल्या हृदयात एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) सुरू झालेलं असू शकतं. तिथं नेहमीची वाट अडवली की सगळे ठोके त्या आडवाटेनं धावतात आणि व्हीएफ होऊ शकतं. बीपी पडलेला, घाम फुटलेला, बावचळलेला रुग्ण असेल तर औषधांची चर्चा संपली, सिंक्रोनाइज्ड शॉकची, म्हणजे ठोक्याशी वेळ जुळवून दिलेल्या शॉकची तयारी. सिंकचं बटण दाबलंय का आणि पडद्यावर प्रत्येक ठोक्यावर खूण दिसते का, हे तू बघायचंस. बऱ्याच मशीन्सवर एक शॉक दिल्यावर सिंक आपोआप निघून जातं, म्हणून दुसऱ्या शॉकच्या आधीही.

ठोके मंदावणाऱ्या डिगॉक्सिनवर मी जरा जास्त लिहिणार आहे. ते जुनं, स्वस्त आणि ओळखीचं झाल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. आपल्याकडे अजूनही संधिवाती तापातून झडप आक्रसलेले, एएफ असलेले रुग्ण खेड्यांतून येतात आणि त्यातल्या कित्येकांच्या पिशवीत ही पाव मिलिग्रॅमची छोटी गोळी असते. काही डॉक्टर ती आठवड्यात पाचच दिवस देतात. कोणते दोन दिवस नाही, हे रुग्णाला विचार. सांगता आलं नाही तर बहुधा तो सातही दिवस घेतो आहे.

देण्याआधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोज. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, एएफमध्ये तो आकडा खोटा निघतो. दोन सिस्टर असाल तर एकीनं छातीवर आणि दुसरीनं मनगटावर एकाच मिनिटात मोजा. दोन्हींत जेवढा फरक, तेवढे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत. मोठ्या माणसात साठच्या खाली असेल तर डोस थांबव आणि कळव. ही दोन्ही कामं एकत्रच आहेत. डोस गुपचूप गाळणं आणि डोस थांबवून कळवणं यांत फार फरक आहे. आयव्ही द्यायचं असेल तर किमान पाच मिनिटं घेऊन. रक्तातली पातळी मागवली असेल तर सॅम्पल शेवटच्या डोसनंतर निदान सहा तासांनी, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो.

आता त्या आजींची गोष्ट. सत्तरीच्या, झडपेचा आजार, एएफ, डिगॉक्सिन आणि लघवीची गोळी दोन्ही चालू. दोन दिवस त्या म्हणत होत्या, "बाई, जेवण जात नाही, तोंडाला चव नाही." मी दोन्ही रात्री "भूक कमी" असं लिहिलं आणि मळमळीचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या रात्री त्यांनी मला बोलावलं आणि दिव्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या दिव्याभोवती पिवळं कडं का पडलंय गं?" मी नाडी धरली. ४४, आणि अगदी नियमित. कित्येक वर्षं एएफ असलेल्या आजींची नाडी घड्याळासारखी चालली होती. नवखी असते तर मी "आज लय सुधारली" असं लिहून मोकळी झाले असते. डिगॉक्सिनवरच्या एएफच्या रुग्णाची नाडी मंद आणि नियमित झाली, तर वरचे ठोके खाली उतरायचे पूर्ण थांबलेले असू शकतात. तसंच निघालं. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, पोटॅशियम ३ च्या खाली. गोळी बंद केली, पोटॅशियम भरून काढलं, आजी चार-पाच दिवसांनी भाकरी मागू लागल्या. पण ती खूण दोन रात्री माझ्यासमोर होती आणि मी तिच्यावर इंजेक्शन देत होते. भूक जाणं, मळमळ, गळाठा, पिवळं-हिरवं दिसणं, म्हाताऱ्या माणसाचं एकाएकी असंबद्ध बोलणं : डिगॉक्सिनवर असलेल्या रुग्णाचं यातलं काहीही दिसलं तर नाडी आणि पोटॅशियम आधी, मळमळीचं औषध मागाहून.

ग्रामीण भागात असशील तर हेच चित्र तुला एका वेगळ्या कारणानं दिसेल. पिवळी कण्हेर, जिला बऱ्याच ठिकाणी बिट्टी म्हणतात, तिच्या बियांत डिगॉक्सिनच्याच जातीची विषं असतात. बी खाऊन आलेला रुग्ण पहिल्या काही तासांत ठीक दिसतो, बोलतो, पाणी मागतो, आणि नंतर ब्लॉकमध्ये जातो, म्हणजे वरचे ठोके खाली पोचेनासे होतात. "बरं वाटतंय" म्हणाला म्हणून मॉनिटर काढू नकोस, निदान चोवीस तास तरी. आणि इथं पोटॅशियम सवयीनं लावू नकोस. अशा तीव्र विषबाधेत ते कमी होण्याऐवजी वाढलेलं असतं.

ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरबद्दल थोडक्यात. मेटोप्रोलोल आयव्ही ५ मिलिग्रॅम, निदान दोन मिनिटं घेऊन, पाच मिनिटांच्या अंतरानं, एकूण १५ च्या वर नाही. प्रत्येक डोसच्या आधी पल्स, बीपी आणि छातीत घरघर आहे का ते ऐक. याच्याबरोबर किंवा लगेच पाठोपाठ आयव्ही व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेमची ऑर्डर आली तर देण्याआधी विचार. दोन्ही मिळून हृदय थांबवू शकतात. ऑर्डर बहुधा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दोन पाळ्यांत लिहिलेली असते आणि दोन्ही कागद एकत्र बघणारी तूच एकटी असतेस. हृदयाची पंपाची ताकद कमी असलेल्यांना डिल्टियाझेम, व्हेरापामिल टाळतात, म्हणून इकोचा रिपोर्ट वरच लावून ठेव. एक्सएल लिहिलेली मेटोप्रोलोलची गोळी कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) सोडू नकोस, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. ट्यूब असेल तर साधी गोळी लिहून घे. आणि मधुमेही रुग्णाची साखर उतरली तर या औषधामुळे हाताची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. थंडगार घाम फुटलेला दिसला की ग्लुकोमीटर.

लिग्नोकेन आता कमी वापरतात, पण क्रॅश कार्टमध्ये असतं. तिथं एकच गोष्ट : वायलवर "अॅड्रिनॅलिनसह" लिहिलेलं नाही ना, हे मोठ्यानं वाच. टाके घालायची वायल आणि हृदयासाठीची वायल दिसायला सख्ख्या बहिणी. २ टक्के म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम. इन्फ्युजन चालू असताना रुग्ण "ओठ बधिर झालेत" म्हणाला, जीभ जड झाली, बडबडायला लागला तर पंप थांबव. पुढची पायरी झटके असते.

क्यूटीबद्दल (इसीजीवर खालच्या कप्प्यांचा ठोका सुरू होऊन पूर्ण शांत होईपर्यंतचं अंतर) फार जण घाबरतात, पण बेडजवळचा ठोकताळा सोपा आहे. ठोके ६० ते १०० च्या दरम्यान असताना क्यूटीचं अंतर दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त दिसलं, तर ते लांबलंय असं समज आणि नीट मोजून घे. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं, किंवा आधीपेक्षा ६० नं वाढलं, तर पुढचा डोस द्यायच्या आधी फोन. क्यूटी लांबवणारं सोटालॉल सुरू करताना पहिले तीन दिवस रुग्णाला म्हणूनच हॉस्पिटलात ठेवतात आणि प्रत्येक डोसनंतर दोन ते चार तासांनी इसीजी काढतात. आणि भर कशानं पडते ते बघ : वॉर्डात जिला आपण एमसेट म्हणतो ते ऑन्डान्सेट्रॉन, अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, हॅलोपेरिडॉल, आणि पित्ताच्या गोळीबरोबर सर्रास येणारं डॉम्पेरिडोन. अमिओडॅरोनवरच्या माणसाला यांतली दोन लागली की मी ट्रीटमेंट शीटवर लाल पेनानं गोल करून राउंडला दाखवते. लाट पीळ घातल्यासारखी वरखाली फिरायला लागली तर ते टॉर्साड, लांबलेल्या क्यूटीतून उठणारी जीवघेणी लय, तिथं मॅग्नेशियम. ५० टक्क्यांच्या २ मिली अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं, दोन अँप्युल पातळ करून दहाएक मिनिटांत. नंतर गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी बघत राहायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी. नाडी नसेल तर आधी शॉक.

एएफच्या रुग्णात रक्त पातळ करणारी गोळी हे अर्धं उपचार आहे. झडप आक्रसलेल्यांना आपल्याकडे बहुधा अॅसिट्रॉम, म्हणजे वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी असते, आणि २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासानं दाखवलं की संधिवाती झडपेच्या एएफमध्ये रिव्हारोक्साबॅनपेक्षा ही जुनी औषधंच सरस. अमिओडॅरोन सुरू झालं की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) हळूहळू वर चढतो, एकदम नाही, आठवड्यांनी. त्यामुळे घरी जाताना "पुढच्या आठवड्यात रक्त तपासायचंच" हे तारखेसह लिहून दे. अशा रुग्णाला दुखतंय म्हणून कमरेत इंजेक्शन देऊ नकोस. मेथी-पालक बंद करा असं सांगू नकोस; जेवढं खाता तेवढंच रोज सारखं खा असं सांग.

घरी जातानाचं बोलणं घाईत उरकू नकोस. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं, म्हणून थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी. कोरडा खोकला किंवा दम वाढला तर "हवा बदलली" म्हणून थांबायचं नाही. शेतात काम करणाऱ्यांना ऊन बाधतं, कातडी काळी-निळसर पडते. पूर्ण बाह्या आणि डोक्यावर टॉवेल किंवा पदर. हे औषध शरीरातून जायला महिने लागतात, म्हणून बंद करूनही त्रास चालू राहिला तर ते कळवायचं. निर्जळी उपवास असला तरी गोळी पाण्याबरोबर घ्यायची, हे घरातल्या मोठ्या बाईला सांग, कारण घरात तिचंच ऐकतात. आणि काढ्याबद्दल विचार. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, आणि लघवीची गोळी नि डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाला तेवढंही पुरतं. शेवटी नाडी मोजायला शिकव, तुझ्यासमोर त्याच्याकडून एकदा मोजून घे.

आता तुझा रात्रीचा प्रश्न. पल्स ५० च्या खाली किंवा १२० च्या वर टिकून राहिला, वरचा बीपी ९० च्या खाली गेला, नवी रुंद लय आली, क्यूटीसी ५०० ओलांडलं, रुग्ण बेशुद्ध झाला किंवा नुसता गप्प आणि गार पडला, तर घड्याळ बघायचं नाही. "सर, जरा बघता का" असा फोन करू नकोस, झोपेतल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. स्ट्रिप हातात घे आणि आकडे सांग : "सर, बेड चार. अमिओडॅरोन अर्ध्या मिलिग्रॅमवर होतं. पल्स ४६, बीपी ८४/५०, क्यूटीसी ५२०, सकाळचं पोटॅशियम ३.२. इन्फ्युजन थांबवलंय, स्ट्रिप काढली आहे. अॅट्रोपिन, मॅग्नेशियम आणि पेसिंगचे पॅड बेडजवळ आहेत. तुम्ही लगेच या." मग फोनची वेळ शीटवर लिही आणि बेडजवळ परत जा.